मागची कात्री

मोंतब्रूच्या किल्ल्याची किल्ली माझ्याकडे असते. दरवाज्यावर तशी पाटीच आहे: किल्ली हवी असल्यास कोपऱ्यावरच्या निळ्या दाराशी माद्रोनाला हाक मारावी. लोक हाक मारतात, आणि नेमकी जेवायच्या वेळी मारतात. मी हात पुसत बाहेर आले की पहिला प्रश्न ठरलेला, बघण्यासारखं काय आहे. मी खरं ते सांगते. एक गोल बुरूज आहे, त्यात अंधारा जिना आहे, आणि वर गेलं की वारा आहे. तरी ती माणसं चढतात, आणि उतरताना हळू आवाजात बोलायला लागलेली असतात. असं का होतं, ते अख्खं आयुष्य इथं काढूनही मला कळलेलं नाही. मी याच गावची. लग्न झालं तेव्हा वरच्या गल्लीतून खालच्या गल्लीत आले, एवढाच काय तो माझा प्रवास.

किल्ल्याच्या पायथ्यापासून दगडी बांधांचे टप्पे उतरत जातात. त्यातले वरचे टप्पे आमचे. म्हणजे माझ्या नवऱ्याचे, एर्मेंगोलचे. मी त्यात फक्त जन्मभर राबले. द्राक्षाची जात त्रेपात. काळं, उशिरा पिकणारं, आणि घड असा की पानांआड खोडाला चिकटून बसतो, कोणाच्या नजरेला पडत नाही. खोडं बुटकी, गुडघ्याएवढी. तारा नाहीत, मांडव नाही. तोडायचं तर कमरेत वाकून एकेक पान उचलावं लागतं.

तोडणीचा आमच्या गावात एक नियम आहे. तुमच्या ओळीत घड मागे राहिला आणि तो दुसऱ्या कोणाला सापडला, तर त्याने तो तुमच्या तोंडावर चुरडायचा. गाल, नाक, कपाळ, सगळं माखायचं. पाद्रीबुवा तोडायला आले तरी त्यांची सुटका नाही. माखलेल्या माणसाने रागवायचं नाही, आणि दिवस संपेपर्यंत तोंड धुवायचं नाही. संध्याकाळी मंडळी गावात शिरली की कोणाचं लक्ष कुठं होतं ते घरोघरी कळतं.

एर्मेंगोलचं तोंड मात्र गेली काही वर्षं स्वच्छ राहिलं होतं, आणि त्याचं कारण मी होते.

त्याचे डोळे मधोमध गेले. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल, आणि झालंही तसंच. हा आता माझ्याशी बोलताना माझ्या उजव्या कानापलीकडे बघतो, तेव्हा कुठं मी त्याला दिसते. खरं सांगायचं तर दिसत होतं तेव्हा त्याने इतकं लक्ष देऊन माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. पण घड काही दिसेना. हाताने चाचपून तोडायचा आणि पानांआडचे राहून जायचे. मग मी तोडणीतली माझी जागा बदलली. पूर्वी शेजारच्या ओळीत असायचे, ती त्याच्या मागे आले. तो पुढे तोडत जायचा. मी डोळ्यांत तेल घालून मागून राहिलेले तोडायचे आणि गुपचूप माझ्या क्रेटमध्ये टाकायचे. दिवस संपताना तो विचारायचा, राहिलं का काही? मी सांगायचे, एकही नाही. बाकीच्यांना ते दिसत होतंच. आमच्याकडे तोडायला शेजारचा बाल्दिरी आणि त्याच्या घरचे येतात, मग आम्ही त्यांच्याकडे जातो. बाल्दिरी म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं तोंड, पण याबाबतीत तो मूग गिळून बसला. त्यासाठी त्याच्या बाकीच्या कितीतरी गोष्टी मी पोटात घातल्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात छाटणी करताना एर्मेंगोल बांधाच्या कडेवरून खाली गेला. मनगटावर निभावलं, पण आमच्या एकुलत्या एका मुलीने, केराल्तने, बार्सिलोनाहून फोनवर मला बजावलं की येती तोडणी शेवटची. त्यानंतर बाबाने मळ्यात पाऊल टाकायचं नाही, मळा बाल्दिरीला कसायला द्यायचा, आणि हे त्याला मी सांगायचं. मी नाही सांगितलं तर ती सांगेल. मी म्हटलं, सांगते. तिला काय, फोन ठेवला की संपलं. मी त्याला काय सांगू? की तुला दिसत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि इतकी वर्षं तुझ्या ओळी मीच पुऱ्या करतेय? तो आरडाओरडा करणारा माणूस नाही. निमूट ऐकून घेईल, चुलीजवळच्या खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठणार नाही. मला त्याची फार भीती वाटत होती. आज सांगते, उद्या सांगते करता करता सप्टेंबर सरला आणि तोडणी दाराशी आली.

आदल्या संध्याकाळी केराल्त आली ती योस्तला घेऊनच. योस्त बेल्जियमचा, गेंट शहरातला. दातांच्या कवळ्या बनवतो. उंच, लाजाळू, आणि कोणी नुसतं बघितलं तरी मानेपर्यंत लाल होणारा. केराल्त चाळिशी ओलांडून बसली होती, त्यामुळे तिने कोणालाही आणलं असतं तरी मी सूप वाढलं असतं. हा तर बरा निघाला. आमची भाषा तो पुस्तकातून शिकला होता आणि सगळ्यांशी इतक्या अदबीने बोलायचा की दारात आडव्या पडलेल्या आमच्या कुत्र्यालाही म्हणाला, आपण कृपया थोडं सरकाल का. कुत्रा सरकला. त्याच्याशी आजवर कोणी असं बोललं नव्हतं.

जेवताना एर्मेंगोलने त्याच्यापुढे वाइनचा चंबू ठेवला. त्याची चोच ओठाला लावायची नसते, वरून धार धरायची असते. योस्तची पहिली धार नाकात गेली, दुसरी सदऱ्यावर, आणि एर्मेंगोल इतका खूश झाला की त्याने तोडणीचं सगळं पुराण सांगायला घेतलं. कोणाला कधी माखलं, बाल्दिरीच्या सासूने कसा शिव्यांचा पट्टा सोडला, कोण माखलेल्या तोंडानेच द्राक्षवाल्यांच्या सोसायटीच्या सभेत जाऊन बसला. योस्त सगळं परीक्षेला बसल्यासारखं ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "या नियमाला कोणी अपवाद असतो का?"

"कोणीही नाही," एर्मेंगोल म्हणाला.

मी माझ्या ताटात बघितलं, केराल्तने तिच्या. योस्तला बाजूला घेऊन चार शब्द सांगायला हवे होते. मला वाटलं केराल्त सांगेल. तिला वाटलं मी सांगेन.

सकाळी धुकं दरीत खाली होतं आणि आम्ही त्याच्या वर, उन्हात. एर्मेंगोलने नेहमीसारखी किल्ल्याकडची ओळ घेतली, मी माझं क्रेट घेऊन त्याच्या मागे. बाल्दिरीकडचे खालच्या टप्प्यावर होते. योस्तला भरलेली क्रेटं उचलायचं काम दिलं. ते त्याने इतकं मन लावून केलं की माणूस क्रेट भरायच्या आत तो शेजारी येऊन उभा राहायचा. थोड्या वेळाने बसून पावावर टोमॅटो चोळला, खारवलेले मासे काढले, खाल्लं, आणि पुन्हा वाकलो. मग केराल्त ट्रॉली घेऊन सोसायटीच्या वायनरीकडे गेली.

तेवढ्यात वरून माझ्या नावाने हाका सुरू झाल्या. किल्ला बघायला कोणी आलं होतं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. डोळे गेले तरी एर्मेंगोलचे कान सशाचे आहेत. तो म्हणाला, जा की, लांबून आली असतील बिचारी. मी म्हटलं, जातील परत. तो म्हणाला, तोडणीच्या दिवशी आलेल्या पाहुण्याला परत पाठवायचं नाही. मी ओळ अर्धी टाकून वर गेले. जाताना मागे वळून बघितलं तर तो एकटा वाकून तोडत होता आणि त्याच्या मागे कोणीही नव्हतं.

पाहुणे म्हणजे समुद्राकडचं एक वयस्क जोडपं. बाईंना प्रत्येक दगडाची माहिती हवी होती. कोणत्या राजाने बांधला, राणी कुठं झोपायची. मी म्हटलं, राणी कधी आलीच नाही, शहाणी होती. मला लवकर सुटायचं होतं, म्हणून मी त्यांना अक्षरशः हाकत वर नेलं. वर पोचल्यावर बाई काठावर हात ठेवून गप्प झाल्या, आणि मी त्यांच्या शेजारून खाली आमच्या मळ्यात बघितलं.

एर्मेंगोलची टोपी दिसली. त्याच्या बराच मागे, मी ओळ टाकली अगदी त्या जागेवर, योस्त होता. क्रेट उचलायला आला असावा. तो खाली वाकला, पानं बाजूला केली, आणि उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात काळा घड होता. योस्तने इकडेतिकडे बघितलं. खालच्या टप्प्यावरून बाल्दिरीने दोन्ही हात हवेत उडवले. नको, नको, असं त्याचं चाललं होतं हे मला इतक्या उंचावरून कळलं. पण त्या बिचाऱ्या बेल्जियमच्या माणसाला कुठून कळणार? त्याला वाटलं, हा आपल्याला हुरूप देतोय. त्यानेही एक हात वर केला आणि लांब ढांगा टाकत एर्मेंगोलकडे निघाला.

मी ओरडले. वारा माझ्या तोंडावर होता, आवाज मागेच गेला. बाई म्हणाल्या, किती सुंदर आहे नाही? मी त्यांना तिथंच सोडून जिना उतरले. या गुडघ्यांनी मी तो जिना कशी उतरले ते माझं मला माहीत. दार ओढून घेतलं, हाताला सवय होती म्हणून कुलूपही लावलं, आणि पळत सुटले.

मी पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. एर्मेंगोल बांधावर बसला होता. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळा रस ओघळत होता, भुवईत एक साल अडकली होती. योस्त समोर उभा होता, पांढराफटक. बाल्दिरी धापा टाकत वर आला होता आणि कुठं बघावं हे न कळून आपली टोपी पिळत होता. केराल्तही नेमकी तेव्हाच परतली. ट्रॉली रस्त्यात सोडून ती धावत आली आणि दबक्या आवाजात योस्तवर तुटून पडली, तुला काही कळतं का, बाबाला दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मग स्वतःचे शब्द ऐकून तिनेच तोंडावर हात घेतला.

"मला क्षमा असावी," योस्त म्हणाला. "मला नियम सांगण्यात आला होता."

एर्मेंगोलने ओठावरचा रस जिभेने चाटला. मग तो हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्याने, खांदे हलवत, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं, हे मला दिसत होतं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"त्याला ओरडू नकोस," तो केराल्तला म्हणाला. "किती वर्षांनी कोणी मला माखलं. मला वाटलं होतं, आता शवपेटीत घालतानाच तोंडाला हात लावाल. हा एकटा मला अजून तोडणीवाला समजतो."

बाल्दिरीने, ज्याला गप्प बसवायला बायकोला ताटली आपटावी लागते, पिळलेली टोपी तशीच डोक्यावर घातली. एर्मेंगोलने मग सगळ्यांना कामाला जायला सांगितलं आणि मला म्हणाला, तू बस. मी बसले. बांध उन्हाने तापला होता. त्याच्या तोंडाभोवती दोन माश्या फिरत होत्या, त्या मी हाकलत राहिले.

"माद्रोना," तो म्हणाला, "तुझी कात्री मिटताना कुरकुरते. तेल घालत जा तिला."

"कुठली कात्री?"

"माझ्या मागची."

मला आधी राग आला. खोटं का बोलू, पहिला रागच आला. मी म्हटलं, म्हणजे तुला माहीत होतं? कधीपासून? तो म्हणाला, पहिल्या वर्षापासून. मला दिसत नाही, ऐकू येतं. मी म्हटलं, आणि तू मला इतकी वर्षं मूर्ख बनवत होतास?

"तू मला बनवत होतीस," तो म्हणाला. "मी फक्त तुला बनवू देत होतो."

"आणि बोलला का नाहीस?"

त्याने मान वळवली आणि माझ्या कानापलीकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुला ते बरं वाटतंय. डॉक्टरीणबाईंकडून आलो त्या दिवसापासून तू रात्र रात्र जागायचीस. माझ्या मागे यायला लागलीस तेव्हापासून झोपायला लागलीस. म्हटलं, चालू दे."

मी या माणसाचा मान राखतेय म्हणून इतकी वर्षं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. आणि तो आपला अपमान गिळून माझी झोप राखत होता. मला त्याच्यावर इतकी माया आली की त्याच्या त्या चिकट तोंडाकडे बघवेना. मी माझ्या डोक्याच्या रुमालाने त्याचं कपाळ पुसायला गेले तर त्याने माझा हात धरून खाली ठेवला. दिवस संपेपर्यंत धुवायचं नाही, म्हणाला.

"पण खरं सांगू?" तो म्हणाला. "मागून कात्री आली की मला घाई होते. बैल हाकल्यासारखं वाटतं. एक खोड नीट चाचपून होत नाही तोवर तुझी कुरकुर मागे हजर. मग मी पुढे पळतो. निम्मे घड डोळ्यांमुळे राहिले असतील. निम्मे तुझ्यामुळे."

"हो, आता माझ्यावर ढकल."

"योस्तला सापडला तो कुठला? तू वर जायच्या आधी मी घाईत सोडलेल्या खोडावरचा आहे, विचार त्याला. तू गेल्यानंतरच्या खोडांवर काही सापडलं का, तेही विचार."

विचारायचं माझं धाडस झालं नाही. पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं, म्हणून जे इतके महिने घशात अडकलं होतं ते मी काढलं. म्हटलं, केराल्त म्हणते, ही तोडणी शेवटची. मळा बाल्दिरीला द्यायचा. तू परत बांधावरून पडलास तर.

"आणि तू काय म्हणतेस?"

केराल्तच्या नावावर ते खपवता आलं असतं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "मीही तेच म्हणते. मला भीती वाटते रे. तू पडण्याची वाटते आणि तू घरी बसण्याचीही वाटते."

त्याने भुवईत अडकलेली साल चिमटीत धरून काढली. खालून कात्र्यांचे आवाज येत होते. मग म्हणाला, बांधाच्या कडेची शेवटची ओळ अजून बाकी आहे ना. ती मी एकटा तोडणार. उद्या सकाळी, सावकाश, मागे कोणी नको. तिच्यात घड राहिले तर मी आपण होऊन खुर्चीत बसेन. नाही राहिले तर.

"तर?"

"तरी बसेन. पण वेगळा बसेन."

मी होय म्हटलं. आणि त्या क्षणी मला आठवलं की समुद्राकडची ती माणसं बुरुजात कुलपात आहेत. योस्तला किल्ली देऊन पळवलं. परत आल्यावर तो म्हणाला की बाई रागावल्या नव्हत्या, इतकी शांतता त्यांना फार दिवसांनी मिळाली होती. त्यांच्या यजमानांचं मत मात्र वेगळं होतं आणि ते योस्तने आम्हाला सांगायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी एर्मेंगोलने उजाडताच ओळ धरली. मी ओळीच्या टोकाला बांधावर बसले आणि हातांना काम हवं म्हणून लसूण सोलायला घेतला. योस्त खालच्या टप्प्यावर, कडेला समांतर, त्याच्या पावलाने पाऊल टाकत चालला होता. कोणी सांगितलं नव्हतं. एर्मेंगोल पडलाच तर त्याच्या अंगावर पडला असता. केराल्त माझ्या शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने बाल्दिरीही येऊन बसला.

तो प्रत्येक खोडाशी वाकायचा. डाव्या हाताने पानं गोळा करून वर धरायची, उजव्याने खोडाभोवती फिरायचं, आधी बाहेरून, मग आतून, मग पार मातीपर्यंत. कात्री एकदा वाजायची, पुन्हा वाजायची. मग कात्री खिशात ठेवून दोन्ही हातांनी परत एकदा. इतकं सावकाश तोडताना मी त्याला कधी बघितलं नव्हतं, कारण तसं तोडायला मी त्याला कधी दिलंच नव्हतं. ऊन डोक्यावर आलं. माझा लसूण केव्हाच सोलून झाला होता. मला उठून मदतीला जावंसं इतकं वाटत होतं की केराल्तने माझा हात घट्ट धरून ठेवला.

टोकाशी आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो ताठ उभा राहिला, टोपी काढली आणि माझ्या दिशेने विचारलं, "राहिलं का काही?"

मी उठले. ओळीच्या सुरुवातीपासून एकेक खोड बघत आले, पान न् पान उचलून. सुरुवातीला मला सापडू नये असं वाटत होतं. मग एक तरी सापडावा असं वाटायला लागलं, की मी माझ्या हाताने त्याला माखेन, सगळ्यांसमोर. पानं उचलत गेले आणि पानांखाली तोडलेल्या हिरव्या देठांशिवाय काही नव्हतं. शेवटची काही खोडं मला नीट दिसेनात, कारण माझेच डोळे भरून आले होते.

"एकही नाही," मी म्हटलं.

तो हसला. ते हसू मी ओळखलं. दरवर्षी संध्याकाळी मी हे दोन शब्द बोलले की तो असाच हसायचा, आणि मला वाटायचं त्याला आनंद झाला. त्याने त्यावर कधी विश्वास ठेवलाच नव्हता. आत्ताही ठेवला नाही.

"बरं," तो म्हणाला, मला समजावल्यासारखा. "चल घरी."

"थांब," मी म्हटलं. मी त्याचा हात धरला आणि त्याला ओळीच्या पार सुरुवातीला घेऊन गेले. पहिल्या खोडाशी वाकवलं, त्याचा तळवा पानांखाली घातला आणि खोडाभोवती फिरवला. म्हटलं, बघ. मग दुसऱ्याशी. मग पुढच्या. पहिल्या काही खोडांना तो माझं मन राखायला म्हणून वाकत होता. मग त्याची बोटं माझ्या हातातून सुटली आणि स्वतःच शोधायला लागली. मी नुसती शेजारी चालत राहिले. त्याने एकही खोड सोडलं नाही.

शेवटच्या खोडाशी तो मातीत गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात आत घातले, फिरवले, पुन्हा फिरवले आणि तसेच ठेवले.

"माद्रोना," तो म्हणाला, जसं काही ते मला माहीतच नव्हतं, "अगं, एकही नाही."